दीड दीड खिडकी

ऑड्री: तिथे टेकू नका. ती जागा बघायची, टेकायची नाही.

पॅडफील्ड: टेकत नव्हते, मिस लॅम्ब्रूक. टिचकी मारून बघत होते. ही भिंत आतून पोकळ आहे. लाकडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी पातळ फळ्या.

ऑड्री: पोकळच असायची. माझ्या भावाने उभी करून घेतलीय.

सिरिल: (भिंतीपलीकडून) तिला म्हणावं, सुतार तिने शोधला होता.

पॅडफील्ड: मिस्टर लॅम्ब्रूक म्हणतात की—

ऑड्री: ऐकलं मी. भिंत पातळ आहे हे तुम्हीच आत्ता सांगितलंत ना?

पॅडफील्ड: मग तुम्ही एकमेकांशी सरळ का बोलत नाही? मी मध्ये कशाला?

ऑड्री: ऐकू येणं वेगळं आणि बोलणं वेगळं. आमचा अबोला आहे.

पॅडफील्ड: कधीपासून?

सिरिल: तिलाच विचारा. तारखा, राजे, गवंडी, सगळं तिला तोंडपाठ असतं.

ऑड्री: ह्या आमच्या घरांच्या रांगेला, ऑरलँड प्लेसला, जुना वारसा म्हणून सरकारी संरक्षण मिळालं त्या दिवसापासून. तुम्ही तेव्हा जन्मलाही नसाल. तुमच्या खात्यातले एक टक्कल पडलेले गृहस्थ आले आणि दारात उभे राहून म्हणाले, बाई, आता ह्या नऊ घरांचा दगडसुद्धा कुणी हलवू शकत नाही. मी त्यांना ग्लासभर शेरी दिली. आणि संध्याकाळी पलीकडचं दार धाडकन आपटलं, ते आजतागायत.

सिरिल: तिला म्हणावं, शेरी वडिलांची होती.

पॅडफील्ड: मी हे सांगू, की ऐकलंत?

ऑड्री: ऐकलं. पुढे बोला. आमच्या भांडणासाठी काही पालिकेने तुम्हाला टेकडी चढायला लावली नसेल.

पॅडफील्ड: बरं. मग दोघांनीही ऐका. मिस्टर लॅम्ब्रूक, तुम्ही खिडकीजवळ येता का? म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

सिरिल: खिडकीजवळच आहे. सकाळी मी इथेच बसतो.

ऑड्री: तोही इथेच बसतो, मीही इथेच बसते. ऊन ह्या मधल्या खिडकीतच येतं.

पॅडफील्ड: ह्या दिवाणखान्याचं मी खूप ऐकून होते. रांगेतल्या इतर घरांना दोन-दोन खिडक्यांचे दिवाणखाने आहेत, तीन खिडक्यांचा हा एकच.

ऑड्री: कारण हे टोकाचं घर. ज्याने रांग बांधली त्याने फक्त पुढचा दगडी मुखवटा बांधला, एकसारखा, खांबांसकट, एखाद्या सरदाराचा वाडा वाटावा असा. मागे ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे घर चिकटवलं. समोरून बघाल तर राजेशाही, आणि मागच्या गल्लीतून बघाल तर एकाचं धुराडं दुसऱ्याच्या नाकात. शेवटचं घर त्याने स्वतःसाठी ठेवलं, म्हणून ही खोली आणि हे छत.

सिरिल: झालं सुरू.

पॅडफील्ड: छताबद्दलच बोलायचंय. चुन्याच्या गिलाव्यातली द्राक्षवेल अख्ख्या बाथ शहरात इतकी नाजूक मी पाहिली नाही. आणि तिच्या बरोब्बर मधून ही भिंत गेलीय.

ऑड्री: मधल्या फुलावरच्या पक्ष्याचं डोकं माझ्याकडे आहे. शेपूट त्याच्याकडे.

सिरिल: शेपूट जास्त चांगली केलीय.

पॅडफील्ड: भिंतीचं वरचं लाकूड फुगतंय आणि छताला ढोसतंय. मी तडे पाहिले. म्हणून पालिकेचं म्हणणं असं, की ही भिंत पाडावी. पाडायचं आणि छत दुरुस्त करायचं, सगळं आम्ही बघू. खोली पुन्हा जशी होती तशी होईल. फक्त दोन्ही मालकांची संमती हवी. हे मी मिस्टर लॅम्ब्रूकना दोनदा कळवलं, आणि दोनदा त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं.

ऑड्री: कुठल्या शब्दात?

पॅडफील्ड: 'नाही' ह्या शब्दात.

ऑड्री: माणूस अजून तसाच आहे म्हणायचा.

पॅडफील्ड: आणि तुमचं काय म्हणणं आहे, मिस लॅम्ब्रूक?

ऑड्री: माझ्या म्हणण्याला आता फार अर्थ नाही. एक तारखेला माझी एक लांबची भाची गाडी घेऊन येतेय. वेस्टनला समुद्राजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे, तिथे मला खोली घेतलीय. लिफ्ट आहे, जेवणात रोज कस्टर्ड आहे, आणि खोलीचं छत हाताला लागेल एवढं खाली आहे.

पॅडफील्ड: पण का? तुम्ही तर इथेच जन्मलात ना?

ऑड्री: ह्याच खोलीत. आई म्हणायची, तुझा जन्म छत बघत झाला. पण पोरी, तू माझ्या घरात कुठून चढून आलीस?

पॅडफील्ड: गल्लीतल्या दारातून. मागच्या जिन्याने.

ऑड्री: कसा वाटला जिना?

पॅडफील्ड: जरा वळणावळणाचा आहे. मी डोकं आपटलं.

ऑड्री: नोकरांचा जिना तो. कोळशाच्या बादल्या वर नेण्यासाठी केलेला. वाटणी झाली तेव्हा मोठा जिना त्याच्या बाजूला गेला, आणि मागचा माझ्या. तेव्हा मी दोन-दोन पायऱ्या टाकत चढायचे, मला काय फरक पडत होता? गेल्या हिवाळ्यात वळणावर पाय सटकला. अडीच तास तिथेच पडले होते. स्ट्रेचर वळेना. शेवटी खुर्चीला बांधून, बटाट्याच्या पोत्यासारखी खाली नेली मला, आणि परत वर आणली तीही तशीच. आता डॉक्टर म्हणतात, तो जिना पुन्हा चढायचा नाही.

सिरिल: अडीच तास नाही.

ऑड्री: ह्याला काय माहीत?

सिरिल: मी सव्वा तासाने फोन केला. आधी वाटलं, कपाट पडलं असेल. मग कपाट कण्हायला लागलं.

ऑड्री: इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं, 'शेजाऱ्याने कळवलं'.

सिरिल: मग काय लिहायला हवं होतं?

पॅडफील्ड: थांबा. जरा समजू द्या. म्हणजे ही भिंत पाडली, तर मिस लॅम्ब्रूकना ह्याच खोलीतून पलीकडे जाऊन मोठ्या जिन्याने उतरता येईल?

ऑड्री: त्या जिन्याच्या पायऱ्या एवढ्या बुटक्या आहेत, की चढताना चढल्यासारखं वाटत नाही. घोळदार झगे घालणाऱ्या बायकांसाठी केलेला जिना आहे तो. मी नव्वदीतही चढेन.

पॅडफील्ड: मग वेस्टनला जायची गरजच नाही.

ऑड्री: ते माझ्या हातात नाही.

पॅडफील्ड: तुम्ही त्यांना तसं विचारलंत?

ऑड्री: मी? मी नाक घासायला जाऊ?

पॅडफील्ड: मिस्टर लॅम्ब्रूक, तुम्ही ऐकताय ना? तुमच्या एका संमतीवर तुमच्या बहिणीचं इथे राहणं अवलंबून आहे.

सिरिल: ऐकतोय.

पॅडफील्ड: मग?

सिरिल: तिला म्हणावं, लिफ्ट बसवून घे.

ऑड्री: हं. गेलाच मूळ वळणावर.

पॅडफील्ड: लिफ्टला परवानगी मिळणार नाही, मिस्टर लॅम्ब्रूक. मागचा जिनाही मूळचा आहे. संरक्षित आहे. त्याचा कठडासुद्धा आम्ही काढू देत नाही.

सिरिल: का देत नाही?

पॅडफील्ड: कायदा आहे.

सिरिल: कुणी लावून घेतला तो कायदा ह्या घराला? दारोदार सह्या गोळा करत कोण फिरत होतं? बिशपपासून मासेवाल्यापर्यंत कुणालाही सोडलं नाही तिने. आता घ्या म्हणावं. तिनेच दगडन्‌दगड राखून ठेवला, आता दगडांनी तिला राखावं.

ऑड्री: ह्याला म्हणावं, मी राखलं नसतं तर आज तुझ्या बुडाखाली खुर्ची नसती, हॉटेलचं गाड्या लावायचं आवार असतं.

पॅडफील्ड: मला नीट सांगाल का कुणीतरी? मी फाइल वाचलीय, पण फाइलमध्ये फक्त खिडक्यांची मापं असतात.

सिरिल: मी सांगतो. वडील गेले, घर दोघांच्या नावावर झालं. मी लग्न करून थेल्माला इथे आणलं. दोन बायका, एक स्वयंपाकघर. सहा महिन्यांत भिंत घातली. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. ख्रिसमसला इकडचं पुडिंग तिकडे जात होतं.

ऑड्री: थेल्माचं पुडिंग कच्चं असायचं. पण यायचं.

सिरिल: मग एक कंपनी आली. त्यांना शेवटची तीन घरं पाडून हॉटेल बांधायचं होतं. त्या काळी ह्या शहरात रोज कुठलीतरी जुनी रांग पडत होती, कुणाला काही वाटत नव्हतं. सात नंबरवाले विकायला तयार, आठ नंबरवाले तयार. थेल्माला छातीचा विकार होता. तिने केन्शमला एक बैठं घर बघून ठेवलं होतं. मागे बाग, जिना नाही, भिंती कोरड्या. पडद्यांचं कापडसुद्धा आणलं होतं तिने. आणि इकडे आमच्या बाईसाहेब सह्या गोळा करत होत्या.

ऑड्री: मी चोरून काही केलं नाही.

सिरिल: नाही. नाकावर टिच्चून केलं. घराला संरक्षण मिळालं, कंपनी पळाली. मग हे घर घेणार कोण? अर्धं घर, तेही खिळा मारायचा तरी परवानगी लागणारं. थेल्मा तेवीस वर्षं त्या मोठ्या जिन्याने चढली-उतरली. झग्यांसाठी बुटक्या असतील पायऱ्या. तिला दर मजल्यावर थांबावं लागायचं.

पॅडफील्ड: मला हे माहीत नव्हतं.

सिरिल: खिडकीची मापं काढताना हे दिसत नाही, बाई.

पॅडफील्ड: मग तुम्ही सूड घेताय असं मी समजू?

सिरिल: सूड? ह्या वयात? मला जेवल्यावर जिना उतरायचाही कंटाळा येतो, सूड कुठला घेतो.

पॅडफील्ड: मग भिंतीत एवढं काय आहे? पोकळ आहे, वेडीवाकडी आहे, तिला कसलंच संरक्षण नाही. अख्ख्या घरात आम्ही जिला हात लावू देऊ अशी ही एकच वस्तू आहे.

सिरिल: म्हणूनच.

पॅडफील्ड: म्हणजे?

सिरिल: तुम्ही इकडच्या बाजूला आलाच नाहीत ना अजून? या कधीतरी. इकडून भिंतीला कागद लावलाय. पिवळा. त्यावर मोठाले नारिंगी गोळे. अत्यंत वाईट दिसतो.

पॅडफील्ड: त्या काळी तशीच फॅशन होती.

सिरिल: थेल्माला ह्या घरात काही बदलायचं झालं की तुमच्या खात्याचं पत्र यायचं. रुंद खिडकी नको. हीटर त्या भिंतीवर नको. दाराचा रंग तो नको. एकदा तिने विचारलं, मग मी ह्या घरात नक्की कशाला हात लावू? त्या टकल्या गृहस्थांनी सांगितलं, मधली भिंत नवी आहे, तिचं काय हवं ते करा. ती त्याच दुपारी दुकानात गेली. शिडीवर चढून स्वतः लावला तो कागद. मध्ये मध्ये खाली उतरून दम घ्यायची. एवढ्या मोठ्या घरात तिचं असं तेवढंच आहे, बाई. एक भिंत. ती मी पाडू देणार नाही. तुमच्या द्राक्षांसाठी नाही आणि हिच्या पायांसाठीही नाही.

पॅडफील्ड: मिस लॅम्ब्रूक, तुम्ही काही म्हणताय का?

ऑड्री: नाही. मी खिडकीबाहेर बघतेय.

पॅडफील्ड: मी थोडा वेळ बाहेर जाऊ का?

ऑड्री: कुठे जाणार? पुन्हा डोकं आपटाल. बसा. त्या खिडकीची खालची चौकट बघा. तिला दोन पितळी पकडी दिसतायत?

पॅडफील्ड: हो. एक तुमच्या बाजूला, एक भिंतीपलीकडे. भिंत काचेच्या वीतभर आधीच थांबलीय.

ऑड्री: मीच थांबवली. सुताराला खिडकीच्या लाकडाला हात लावू दिला नाही मी. तास-दीड तास खिडकीला पाठ लावून उभी होते. ही खिडकी वर सरकवायची तर दोन्ही पकडी एकदम उचलाव्या लागतात. एकट्याने उचलली की तिरकी होऊन अडकते. मे महिन्यात पहिला उबदार दिवस आला की तो काचेवर नखाने टकटक करतो. मी माझी पकड धरते, तो त्याची धरतो, खिडकी वर जाते. थंडी सुरू झाली की मी टकटक करते, खिडकी खाली येते. बोलायचं काही नाही.

सिरिल: गेल्या वर्षी तिने उशीर केला. माझे गुडघे आखडले.

ऑड्री: थेल्मा होती तेव्हा पलीकडची पकड तिने धरलेली मला लगेच कळायचं. खिडकी हळू जायची. वर गेल्यावर तिचा श्वास ऐकू यायचा. जिन्यावरचाही ऐकू यायचा. मधल्या मजल्यावर ती थांबली की मीही हातातलं काम थांबवायचे, ती पुन्हा चालू लागेपर्यंत.

पॅडफील्ड: हे तुम्ही त्यांना कधी—

ऑड्री: त्याला सांगा, ही रांग मी वाचवली, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा सह्या गोळा करीन, काठी टेकत करीन. पण थेल्माचं बैठं घर माझ्यामुळे गेलं. तिने मला त्यावरून एकदाही टोकलं नाही. चर्चबाहेर भेटली की माझ्या टोपीचं कौतुक करायची. मला तिच्यासमोर लाज वाटायची, म्हणून मी टोप्या घालायचं सोडलं. हे त्याला सांगा.

पॅडफील्ड: त्यांनी ऐकलं असेल.

ऑड्री: तरी सांगा.

पॅडफील्ड: मिस्टर लॅम्ब्रूक, तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे, की रांग वाचवल्याबद्दल त्या माफी मागणार नाहीत. पण थेल्माबाईंचं बैठं घर त्यांच्यामुळे गेलं ह्याचं त्यांना वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. टोप्यांचंही त्या काहीतरी म्हणाल्या.

सिरिल: थेल्माला खरंच आवडायच्या त्या टोप्या.

पॅडफील्ड: सांगू?

सिरिल: नको.

ऑड्री: आणि भिंत राहू द्या. मी तुमच्या कागदावर सही करणार नाही. पालिकेला म्हणावं, छतावरचा पक्षी भिंत घातल्यापासून दोन तुकड्यांतच आहे, अजून थोडे दिवस राहील. वेस्टनला कस्टर्ड आवडून घेईन मी.

पॅडफील्ड: मिस लॅम्ब्रूक, आपण वेगळा काही मार्ग—

ऑड्री: नाही पोरी. मला ह्या घरातल्या कुठल्या दगडाचं काय मोल आहे ते समजत होतं, एवढाच माझा तोरा होता. ह्या भिंतीचं समजलं नाही. आता समजलंय, तर ती पाडून मी वर राहू कशी?

सिरिल: बाई.

पॅडफील्ड: बोला.

सिरिल: तुमच्याकडे मोजायची पट्टी आहे?

पॅडफील्ड: माझ्याकडे दुसरं काय असतं?

सिरिल: त्या दुकानात तो कागद नऊ गुंडाळ्याच शिल्लक होता. तसला कागद पुन्हा कोण करणार? थेल्माने जिन्याकडून सुरुवात केली, खिडकीजवळ येता येता संपला. शेवटचा तुकडा उघडाच राहिला. ती म्हणाली, तिथे पडदा येतो, कोण बघतंय. तेवढं मोजा. इकडून मी काठीने ठोकतो. इथे कागद संपतो. ऐकू आलं?

पॅडफील्ड: आलं. इथून भिंतीच्या टोकापर्यंत... सव्वादोन फूट. थोडं कमीच.

सिरिल: तेवढ्यात दार होतं?

पॅडफील्ड: अरुंद होईल. पण होतं. भिंत नवी आहे, तिच्यात दार पाडायला फारसं कुणी अडवणार नाही. वरचं फुगलेलं लाकूड तेवढं छाटून घेऊ, छतावरचा भार जाईल. माझे साहेब नाराज होतील, त्यांना अख्खी वेल हवी होती.

सिरिल: त्यांना माझ्याकडे पाठवा. मी एका शब्दात उत्तर देईन.

पॅडफील्ड: मिस लॅम्ब्रूक?

ऑड्री: मला विचारताय की सांगताय?

पॅडफील्ड: मी विचारतेय. सांगतायत ते.

सिरिल: तिला विचारा, त्यातून मावेल का ती? वडील तिला पिंप म्हणायचे.

ऑड्री: त्याला म्हणावं, इस्पितळातून आल्यापासून मी घडी घालून टपालपेटीत टाकता येईल एवढी उरलेय.

सिरिल: काही खात नाही वाटतं.

ऑड्री: सव्वादोन फूट पुरे आहेत. हे सांगा त्याला. आणि सांगा, मी फक्त जिन्यापर्यंत जाईन. मध्ये थांबणार नाही, बसणार नाही, कागदाबद्दल काही बोलणार नाही.

सिरिल: कागद वाईटच आहे, बोलली तरी चालेल. जिन्यावरचा गालिचा मधल्या मजल्यावर सुटलाय, तेवढं सांभाळ म्हणावं. मी सोमवारी खिळे मारून घेतो. परवानगी लागते का हो त्याला?

पॅडफील्ड: गालिच्याला नाही.

सिरिल: नशीब.

पॅडफील्ड: मग मी लिहून घेते. दार, सव्वादोन फूट, खिडकीकडच्या टोकाला. उघडणार कुठल्या बाजूला?

ऑड्री: माझ्या. त्याच्या बाजूला उघडलं तर कागदाला घासेल.

पॅडफील्ड: आणि कडी? कडी कुठल्या बाजूला लावायची?

सिरिल: तिच्या बाजूला लावा. बायकांना रात्री भीती वाटते.

ऑड्री: काही गरज नाही. त्याच्या बाजूला लावा, घरात ये-जा माझीच होणार आहे, त्याची नाही.

पॅडफील्ड: मला एकच काहीतरी लिहायचंय.

ऑड्री: मग कडी नको असं लिहा. सिरिल, कडी हवी कशाला आपल्याला?

सिरिल: हवी. तुझं मांजर येईल इकडे, आणि मला मांजराने शिंका सुटतात.

ऑड्री: मांजर गेलं रे. दोन हिवाळे झाले.

सिरिल: मला कुणी सांगितलं नाही.